कचेरी गेली, कुंचला राहिला

२ सप्टेंबर १९०५ रोजी चीनच्या छिंग दरबाराने एक फर्मान काढलं आणि सरकारी नोकरीसाठीची परीक्षा बंद केली. तेराशे वर्षांच्या आसपास ती परीक्षा चालत आली होती. घरातला हुशार मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की त्याच्या हातात कुंचला द्यायचे. जुने ग्रंथ पाठ करता करता आणि अक्षर घोटता घोटता तो मोठा व्हायचा. आधी जिल्ह्याची, मग प्रांताची, मग राजधानीची परीक्षा द्यायचा. कुणी पंचविशीत पार पडायचा, कुणी पन्नाशीत, बहुतेक जण कधीच नाही. पण उत्तीर्ण असो की नापास, अक्षर सगळ्यांच्याच हातात बसलेलं असायचं. फर्मान निघालं आणि या सगळ्या हातांचं गिऱ्हाईकच नाहीसं झालं. पुढे १० ऑक्टोबर १९११ ला वूचांगमध्ये सैन्याने बंड केलं, १२ फेब्रुवारी १९१२ ला सहा वर्षांच्या बादशहाच्या नावाने राजत्यागाचा कागद निघाला. ज्या कचेऱ्यांसाठी अक्षर घोटलं होतं त्या कचेऱ्याही गेल्या.

मग या हातांनी काय केलं, हा या पुस्तकाचा विषय आहे. साधारण १८५० ते १९५० या शंभर वर्षांतले चिनी अक्षरकार आणि चित्रकार इथे भेटतील. त्यांच्यातले बरेचसे आधी कारकून, मामलेदार, शिक्षक किंवा नापास उमेदवार होते. चित्रकार म्हणून त्यांचं नाव नंतर झालं.

सिंदफणेच्या काठी, शिरूर कासारात बसून हे कुणी का वाचावं, असा प्रश्न रास्त आहे. तालुका अवर्षणाचा, दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात. इथे शांघायच्या चित्रकारांचं कौतुक कुणाला? पण २०२३ साल आठवा. त्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधले जुने रुमाल सुटू लागले. ज्या मराठा आरक्षण आंदोलनातून ही समिती आली, त्याचे नेते मनोज जरांगे यांचं मूळ गाव मातोरी याच तालुक्यातलं. कागद बाहेर आले तेव्हा कळलं की ते वाचणारी माणसंच उरलेली नाहीत. गावकीच्या नोंदी मोडीत, वरच्या कचेरीचे शेरे फारसीत नाहीतर उर्दूत. मोडी वाचता येणाऱ्या मोजक्या माणसांना अचानक बोलावणी येऊ लागली. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द हवा होता, आणि तो लिहिणारा कुलकर्णी जाऊन शंभर वर्षं झाली होती.

त्या गर्दीत एक प्रश्न कुणी विचारला नाही, आणि तेव्हा विचारायची वेळही नव्हती. ते अक्षर कसं होतं? चांगलं होतं का? एका कुलकर्ण्याचं वळण दुसऱ्याहून वेगळं कशामुळे ओळखू येतं? चीनमध्ये हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, आपल्याकडे तो विचारायची रीतच पडली नाही. मला या पुस्तकाकडे ओढलं ते या फरकाने.

वास्तविक आपल्याकडे सामग्री कमी नव्हती. मोडीचं श्रेय परंपरा देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंताला देते. देवगिरी काही फार लांब नाही. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा, बोरू शक्यतो न उचलता. शाई दिव्याच्या काजळीची, त्यात बाभळीचा डिंक. शिवकाळात बाळाजी आवजींच्या हाताने चिटणिशी वळण रुळलं, पेशवाईत बिवलकरी आणि रानडी अशी वळणं नावारूपाला आली. म्हणजे वळणाला माणसाचं किंवा घराण्याचं नाव देण्यापर्यंत आपण पोहोचलो होतो. कागद दौलताबादी, तिथल्या कागजीपुऱ्यात केलेला. ती विद्या मुळात चीनची. समरकंद, इराण असा फेरा घालून ती आपल्या डोंगरात आली होती.

अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. आपल्याकडे लिहिणाऱ्याचा हात आणि चित्र काढणाऱ्याचा हात यांची कधी गाठ पडली नाही. बोरू कुलकर्ण्याच्या घरात, कुंचला चित्रकथ्याच्या किंवा जिनगराच्या घरात. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी रामायण-महाभारताची कथाचित्रं ज्यांनी रंगवली त्यांना दप्तराशी कर्तव्य नव्हतं, आणि दप्तर लिहिणाऱ्याने कधी मोर रंगवला नाही. चीनमध्ये मात्र हत्यार एकच होतं. बोकडाच्या किंवा मुंगसासारख्या वीझलच्या केसांचा टोकदार कुंचला, दगडावर पाण्यात घासून काढलेली शाई आणि पाणी पिणारा कागद. त्याच कुंचल्याने माणूस सकाळी सरकारी अहवाल लिहायचा, दुपारी मित्राला पत्र, संध्याकाळी बांबू रंगवायचा. बांबूचं पान आणि अक्षराचा फराटा यांत हाताची हालचाल तीच. त्यामुळे चित्राला अक्षरासारखं वाचायचं आणि अक्षराला चित्रासारखं पाहायचं, ही सवय तिथल्या सुशिक्षिताला लहानपणापासून असे. त्या कागदावर रेघ एकदा पडली की पडली. खोडता येत नाही, वरून गिरवता येत नाही. हात थांबला तर तिथे शाईचा डाग पसरतो, घाई केली तर रेघ कोरडी फुटते. लिहिणाऱ्याचा त्या क्षणीचा धीर, थकवा, राग सगळा तिथे उमटतो, आणि पाहणारा तेच शोधत असतो.

पण परीक्षेने याच अक्षराची वाट लावली होती, हेही सांगायला हवं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला लागायचं ते काळंभोर, चौकोनी, एकसारखं, तुकतुकीत अक्षर. एखादा फराटा मनाप्रमाणे वळला तर उमेदवार मागे पडे. गोंग झिझेन हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा फार मोठा कवी आणि विचारवंत. १८२९ साली राजधानीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही अक्षर बसवलेलं नाही म्हणून त्याला हानलिन या वरिष्ठ विद्वत्सभेत जागा मिळाली नाही. त्यावर त्याने, असं सांगतात, घरातल्या बायकांना आणि दासींना ते परीक्षेचं अक्षर शिकवलं आणि हानलिनची मोठाई काढणाऱ्यांना तो ऐकवायचा की आमच्या घरातली कुठलीही बाई तिथे सहज बसेल. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या अक्षराबद्दल जाणत्यांचं मत काय होतं ते तिच्यावरून कळतं.

या कंटाळ्यातून वाट निघाली ती दगडांकडे. अठराव्या शतकापासून चिनी पंडितांना जुन्या शिलालेखांचं वेड लागलं होतं. शेतात, पडक्या देवळात, थडग्यांपाशी सापडलेल्या शिळांवर ओला कागद चिकटवायचा, वरून शाईचा बोळा थापायचा, कागद सोलून काढायचा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं उठून येतात. असे ठसे गावोगाव विकले जायचे. दोन हजार वर्षांपूर्वीचं, छिन्नीने खोदलेलं, झिजलेलं, राकट अक्षर पाहून परीक्षेच्या गुळगुळीत अक्षराला विटलेल्या लोकांना हायसं वाटलं. कांग यौवेई हा सुधारक १८९८ च्या शंभर दिवसांच्या सुधारणांमुळे आपल्याकडेही थोडाफार माहीत आहे. त्याआधी काही वर्षं त्याने या शिलाक्षरांची बाजू मांडणारा एक मोठा ग्रंथ लिहिला होता. दरबारात बदल करायला निघालेल्या माणसाने आधी अक्षर बदलायला घेतलं, हे मला योगायोगाचं वाटत नाही. सुधारणा फसल्यावर तो परागंदा झाला. त्यातली दीडेक वर्षं दार्जिलिंगला काढली. म्हातारपणी शांघायला परतून तो अक्षरं विकून राहिला.

झाओ झिचिएन (१८२९–१८८४) या दगडी अक्षराचा मोठा कलावंत. शाओशिंगचा. तायपिंग बंडाने (१८५०–१८६४) यांग्त्सेच्या खालच्या खोऱ्यातली गावंच्या गावं बेचिराख केली, त्यात त्याचं घर गेलं. तो कामासाठी फूजियान प्रांतात असताना १८६२ मध्ये बायको गेली, मुलंही. चौतिसाव्या वर्षी त्याने स्वतःसाठी एक शिक्का कोरला आणि त्यावर कोरलं की आपलं घर मोडलं, माणसं मेली, म्हणून आजपासून आपण हे नवं, दुःखाचं नाव घेत आहोत. बोटभर दगडावर एवढी मोठी गोष्ट. पुढे बेजिंगला जाऊन त्याने वरची परीक्षा पुन्हा पुन्हा दिली आणि पुन्हा पुन्हा नापास झाला. शेवटी जियांगशी प्रांतात मामलेदारी मिळाली, आणि त्या कामानेच तो दमून पंचावन्नाव्या वर्षी गेला. त्याची फुलांची चित्रं पाहताना एक गोष्ट जाणवते : फांद्या काढलेल्या वाटत नाहीत, दगडात खोदल्यासारख्या वाटतात. अक्षरातला जोर चित्रात उतरला तो इथे.

शिक्क्याबद्दल थांबून बोललं पाहिजे, कारण आपल्याला तो विषय परका नाही. आपल्या जुन्या कागदांवर शिक्का-मोर्तब होतं आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची निशाणीही होती. पाटलाचा नांगर, सुताराचं किकरं, बाईची बांगडी. गावच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, या निशाण्या ओळीने बसलेल्या पाहिल्या की सगळं गाव कागदावर येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. मात्र ती निशाणी वतनाची आणि धंद्याची. गावातले सगळे पाटील नांगरच काढणार. झाओचा शिक्का त्याच्या एकट्याच्या दुःखाचा आहे. कचेरीच्या वस्तूचा त्याने आपल्या मनासाठी उपयोग केला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत चीनमध्ये हेच सगळीकडे होत गेलं.

वू चांगशुओ (१८४४–१९२७) याचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात मोठं आहे, आणि ते असायलाच हवं. झेजियांगमधल्या आंजी या डोंगराळ भागातला. तायपिंगच्या धुमाळीत सोळा-सतरा वर्षांचा असताना बापाबरोबर रानोमाळ पळाला. भुकेने आणि रोगाने घरातली बाकीची माणसं एकेक करून गेली. अनेक वर्षांनी दोघं परतले ते शेतात राबायला. तरुणपणी मातीत घाम गाळलेला हा माणूस पुढे सूजौमध्ये अगदी खालच्या पायरीची नोकरी करू लागला आणि रिकाम्या वेळात दगडी नगाऱ्यांवरचा लेख उतरवू लागला. हे नगारे म्हणजे छिन राज्यातले, ख्रिस्ताच्याही कित्येक शतकं आधीचे दहा गोल दगड. त्यांवर राजाच्या शिकारीची वर्णनं कोरलेली आहेत. वूने त्यांचे ठसे समोर ठेवून आयुष्यभर तेच अक्षर लिहिलं. चाळिशीत लिहिलेलं आणि ऐंशीत लिहिलेलं शेजारी ठेवलं तर मजकूर तोच दिसतो, पण हात पार बदललेला. तरुणपणी तो दगडाची नक्कल करतोय, म्हातारपणी दगडच त्याच्यासारखा झालाय.

१८८८ मध्ये त्याचा मित्र रन बोनिएन याने त्याचं एक चित्र काढलं. ऐन उन्हाळा. अंगात सरकारी झगा, डोक्यावर सरकारी टोपी, हात छातीशी गुंडाळलेले, चेहऱ्यावर वरिष्ठांची मर्जी सांभाळून आलेला थकवा. चित्राचं नावच मुळी ‘गरीब, आंबलेला छोटा अंमलदार’ अशा अर्थाचं आहे. मित्राने मित्राची अशी थट्टा करावी आणि मित्राने ती जपून ठेवावी, यातून त्या दोघांची जवळीक दिसते. रन बोनिएनही धंदेवाईक चित्रकार, शांघायच्या बाजारात झपाझप चित्रं विकणारा. त्यानेच वूला चित्रं काढायला लावलं म्हणतात. चित्रकलेला वूने हात घातला तो प्रौढपणी, अक्षर आणि शिक्के पक्के झाल्यावर. १८९९ मध्ये त्याला एकदाची आंदोंग गावची मामलेदारी मिळाली. एका महिन्यात राजीनामा देऊन तो मोकळा झाला. आणि मग काय केलं? एक शिक्का कोरला : आंदोंगचा एक महिन्याचा मामलेदार. तो शिक्का तो चित्रांवर ठोकत राहिला. आमच्याकडे अशी नोकरी सोडणाऱ्याला भावकी वेड्यात काढेल. मलाही सुरुवातीला तो प्रकार तोऱ्याचा वाटला. त्याच्या चित्रांतली विस्टेरियाची गुंतलेली वेल पाहिल्यावर मत बदललं. एवढा जोर असलेला हात सारावसुलीच्या वह्यांत अडकवून ठेवणं हाच वेडेपणा झाला असता.

शांघायच्या बाजाराची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. १८४२ नंतर परकी वसाहती बसल्या, तायपिंगच्या काळात पैसेवाले आणि चित्रकार दोघंही पळून शांघायला आले. पंखे आणि पत्राचा कागद विकणारी दुकानं चित्रकारांची दलाल बनली. चित्रकाराचं छापील दरपत्रक दुकानात टांगलेलं असे : पंख्याला इतके, एवढ्या फुटी गुंडाळीला इतके, दुकानाच्या पाटीला अक्षरामागे इतके, आगाऊ पैसे, उधारी नाही. जुन्या पंडितांना याची लाज वाटायची. चित्र मित्राला भेट द्यायचं, विकायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. पण १९०५ नंतर आणि विशेषतः १९१२ नंतर लाज परवडेनाशी झाली. माजी सुभेदार, माजी शाळा-तपासनीस, हानलिनचे माजी सदस्य सगळे दरपत्रकावर आले. माझ्या मते या काळातली सगळ्यात मोठी घटना ही आहे. रंगांची आणि रेघांची क्रांती मागाहून आली. बाजाराने कलेचं वाटोळं केलं असं नेहमी ऐकू येतं. इथे बाजाराने ती जगवली, कारण तिथल्या कापूस आणि रेशमाच्या व्यापाऱ्यालाही भिंतीवरच्या अक्षरात माणूस ओळखायची हौस होती.

आणि निव्वळ बाजारही नव्हता. १९०४ मध्ये हांगजौला पश्चिम सरोवराकाठच्या टेकडीवर शिक्के कोरणाऱ्यांनी शीलिंग मंडळ काढलं. ते आजही चालू आहे आणि वू त्याचा पहिला अध्यक्ष झाला. इसवी सन ५२ मधली एक शिळा परदेशी विकली जाणार अशी वार्ता १९२१ च्या सुमारास आली, तेव्हा या मंडळींनी वर्गणी काढून आठ हजार चांदीचे डॉलर जमवले, शिळा विकत घेतली आणि टेकडीवर दगडी खोली बांधून तिच्यात ठेवली. या शिळेवर एका सामान्य घराण्यातल्या पूर्वजांची नावं आणि पुण्यतिथ्या आहेत, राजाचा पराक्रम वगैरे काही नाही. कुळाच्या नोंदीसाठी आठ हजार डॉलर! आपल्याकडे कुळाच्या नोंदीचं मोल आरक्षणाच्या दाखल्यापुरतं कळलं, तेही परवा. मधल्या काळात किती रुमाल वाळवीने खाल्ले आणि किती चुलीत गेले त्याची गणती नाही.

दरपत्रकावर आलेल्या माजी अधिकाऱ्यांत ली रुइचिंग (१८६७–१९२०) होता. नानजिंगमध्ये त्याने शिक्षकांचं मोठं विद्यालय चालवलं होतं. राजसत्ता गेल्यावर त्याने नव्या सरकारची नोकरी घेतली नाही, ताओ पंथाच्या साधूचा झगा घातला आणि शांघायला अक्षरं विकू लागला. त्याचा मित्र झंग शी हाही तसाच. या निष्ठावंतांकडे दोन्ही नजरांनी पाहावं लागतं. एकाच बादशहाला वाहिलेली निष्ठा म्हणून त्यांची कीव येते, आणि पोटासाठीसुद्धा पाठ न वाकवणारी माणसं म्हणून आदर वाटतो. झेंग श्याओशूच्या (१८६०–१९३८) बाबतीत हा समतोल साधत नाही. अक्षर उत्तम, त्याच्या हाताच्या पाट्यांना चांगला भाव होता. पण बादशहा परत गादीवर बसावा या नादात तो जपान्यांच्या पंखाखाली गेला आणि १९३२ मध्ये त्यांनी मांचुरियात उभ्या केलेल्या बाहुल्या राज्याचा पहिला पंतप्रधान झाला. अक्षरावरून माणूस कळतो, ही चिनी समजूत त्याच्यापाशी येऊन आपटते. पुस्तकात हे प्रकरण ठेवलं याचं मला बरं वाटतं.

बायकांना या जगात जागा कमीच. राजमाता त्सशीच्या नावाने दरबारात जी फुलांची चित्रं इनाम म्हणून वाटली जात, त्यांतली पुष्कळ मियाओ जियाहुई या विधवा चित्रकर्तीने काढलेली. वर राजमातेचा शिक्का. १९३४ मध्ये शांघायला बायकांनी आपली अक्षर-चित्र संस्था काढली तेव्हा कुठे स्वतःच्या नावाने प्रदर्शनं होऊ लागली.

ची बाइशी (१८६४–१९५७) मात्र या सगळ्यांहून वेगळा, आणि इथल्या वाचकाला बहुधा तोच सर्वांत जवळचा वाटेल. तो पंडितही नव्हता आणि अधिकारीही नव्हता, सुतार होता. हूनान प्रांतातल्या शियांगतान भागात गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आजारी मूल, नांगराला उपयोगाचं नाही, म्हणून सुतारकीला लावलं. पलंग आणि पेट्यांवर तो नक्षी कोरायचा. कामाच्या घरी चित्रकला शिकवणारं एक जुनं छापील पुस्तक सापडलं. ते उसनं आणून रात्री दिव्याखाली त्याने पान न् पान उतरवून घेतलं. सत्तावीस-अठ्ठाविशीत गावच्या पंडितांनी त्याला शिकवायला घेतलं. पन्नाशी उलटल्यावर दरोडेखोरांच्या भयाने गाव सोडून तो बेजिंगला आला, तेव्हा तिथे त्याला कुणी विचारेना; पंडितांच्या गावात हा खेडवळ बोलीचा सुतार. चेन शिझेंग या थोर मनाच्या चित्रकाराने त्याची चित्रं १९२२ मध्ये जपानला नेली, ती तिथे चांगल्या किमतीला विकली गेली, आणि मग बेजिंगलाही दिसू लागली.

त्याने काय रंगवलं ते पाहा. कोळंबी, खेकडे, बेडकांची पिल्लं, कोबीचा गड्डा, दाताळं, उंदीर, मिणमिणता दिवा. पंडितांच्या चित्रांत हजार वर्षं डोंगर आणि धुकं होतं. शेतकऱ्याच्या परसातलं अवजार तिथे त्याच्याआधी क्वचितच आलं होतं. शिक्के कोरतानाही त्याने सुतारकी सोडली नाही. इतर लोक रेघ दोन्ही बाजूंनी सावकाश कोरून काढत, तो एकाच बाजूने एका फटक्यात छिन्नी मारायचा. दुसरी बाजू आपसूक तुटून खडबडीत राहायची. पैशांबाबत तो अत्यंत चोख होता. दारावर पाट्या : सवलत नाही, उधारी नाही. १९४० मध्ये, बेजिंग जपान्यांच्या ताब्यात असताना, त्याने दारावर लिहून लावलं की सरकारी अधिकाऱ्यांना चित्रं विकायची नाहीत. एकीकडे चिकटपणा, दुसरीकडे हा ताठपणा. दोन्ही एकाच हाताने लिहिलेलं.

पश्चिमेकडून आलेली तैलरंगाची, सांगाड्याची, नग्न अभ्यासाची चित्रकला हा पुस्तकाचा दुसरा धागा. तियानजिनचा ली शुतोंग (१८८०–१९४२) टोकियोत तैलचित्रं शिकून आला, हांगजौच्या शाळेत त्याने चीनमध्ये पहिल्यांदा जिवंत माणूस समोर बसवून मुलांकडून अभ्यास करवून घेतला, आणि १९१८ मध्ये सगळं सोडून भिक्षू झाला. त्यानंतर त्याने चित्रं सोडली, अक्षर ठेवलं; तेही बहुतेक बुद्धवचनं लिहिण्यापुरतं. त्याची ती अक्षरं पुस्तकात पाहा : जोर नाही, दिखावा नाही, अक्षरांमध्ये भरपूर मोकळी जागा.

आपल्याकडे ही पाश्चात्त्य रीत आली ती मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून, १८५७ मध्ये. ती शाळा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर उभी राहिली, आणि जमशेटजींची दौलत चीनच्या व्यापाराची होती, कापसाची आणि माळव्याच्या अफूची. ज्या अफूच्या युद्धाने शांघायचं बंदर उघडलं आणि चिनी चित्रकाराला बाजारात आणलं, त्याच व्यापारातून धुरंधरांसारखे आपले चित्रकार जिथे घडले ती शाळा निघाली. हा दुवा इतका सरळ आहे की तो आपल्या कलेच्या इतिहासात ठळकपणे यायला हवा होता. देणगीदाराचा पुतळा आपण पाहतो, गलबतात काय भरलं होतं ते विचारत नाही.

आता अजिंठा. ली रुइचिंग आणि झंग शी या दोन निष्ठावंतांनी शांघायमध्ये एक शिष्य घेतला होता, सिचुआनचा झांग दाचिएन (१८९९–१९८३). लांब दाढी, अफाट खर्च, आणि जुन्या आचार्यांच्या इतक्या हुबेहूब नकला की भले भले संग्राहक फसले. १९४१ ते १९४३ तो वाळवंटातल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांत राहिला आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या पावणेतीनशेच्या आसपास प्रती करून आणल्या. वरचा थर काढून खालचं चित्र पाहिल्याचा आरोप त्याच्यावर झाला, तो अजून मिटलेला नाही. १९४९ मध्ये देश सोडल्यावर तो १९५० साली भारतात आला, दिल्लीत प्रदर्शन केलं आणि मग अजिंठ्याला येऊन राहिला; दुनहुआंगच्या रेषेचं मूळ इथे आहे का, ते पाहायला. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत अजिंठा आणि शिरूर एकाच निजामाच्या राज्यात होते. छिंग दरबाराच्या दोन माजी नोकरांकडून कुंचला शिकलेला माणूस वाघूर नदीच्या वळणावर बसून पद्मपाणीची भुवई उतरवतो, हा प्रसंग चिनी पुस्तकांत असतो. मराठी पुस्तकांत तो आता येतोय.

आणखी एक मराठी नाव या कुंचल्याशी जोडलेलं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला उत्तर चीनमध्ये वारले, तेव्हा माओने त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने श्रद्धांजली लिहिली. माओ १८९३ चा. जुन्या पाठशाळेत कुंचल्यावर हात बसलेला. राजकारण बाजूला ठेवून, या पुस्तकातल्या नजरेने ते अक्षर पाहिलं तर दिसतं की जुनी कचेरी मोडणाऱ्याचा हातही त्याच कचेरीच्या तालमीतला होता.

मोडीचं पुढे काय झालं? छापखान्याने बाळबोध उचललं. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापलं, १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर निघाला, त्याचे खिळे देशभर नावाजले गेले. सुंदर अक्षराची आपली सगळी हौस तिकडे गेली. मोडी दप्तरात राहिली आणि दप्तराबरोबर मिटली. विसाव्या शतकात र. कृ. जोशींनी देवनागरीच्या वळणांचा शास्त्रशुद्ध विचार केला. संगणकावरचा ‘मंगल’ टंक त्यांचाच. अच्युत पालव मोडीकडे वळले आणि त्यांनी तिला भिंतीवर आणलं. पण हे दोघेही कलाशाळेच्या वाटेने आलेले. कुलकर्ण्याच्या घरातून बोरू घेऊन थेट चित्राकडे आलेला कुणी वू चांगशुओ आपल्याला लाभला नाही.

चिनी अक्षर वाचता येत नाही म्हणून पुस्तकातली चित्रं भराभर उलटू नका. वाचता येणं गरजेचं नाही. अक्षर कुठून सुरू झालं ते शोधा, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली बोटाने हवेत गिरवा, हात कुठे दाबला आणि कुठे सुटला ते पाहा. शाई कुठे संपत आली आणि तरी कुंचला पुन्हा न बुडवता माणूस पुढे का गेला, हे विचारा. मग घरात एखादा मोडी कागद असेल तर त्यावरही हेच करून पाहा. नोंद सापडते का, ते नंतर.

नावांबद्दल एक सूचना : आडनाव आधी येतं, आणि एकेका कलावंताला चार-चार उपनावं असतात, मागच्या सूचीत ती एकत्र दिली आहेत. सुरुवात कुठूनही करता येईल. घाई असेल त्याने ची बाइशी वाचावा, वेळ असेल त्याने वू चांगशुओ. झेंग श्याओशूचं प्रकरण मात्र कुणी गाळू नये. आधी त्याचं अक्षर पाहा, मग चरित्र वाचा, आणि मग परत अक्षरावर या. ते पहिल्याइतकंच सुंदर दिसेल, आणि त्याचा राग येईल.